तळटीप १ : गो

मूळ चीनचा, जपानमध्ये बहरलेला खेळ. १९ आडव्या-उभ्या रेघांच्या ३६१ छेदांवर सोंगट्या ठेवतात. ठेवलेली सोंगटी हलत नाही, प्रतिस्पर्ध्याने पुरती वेढली तरच उचलतात. येथे राजाला मात द्यायची नसते, मोकळा मुलूख वेढायचा असतो. म्हणून बुद्धिबळाची सवय असलेल्यांनी पुढचे प्रकरण सावकाश वाचावे. कादंबरीकार कावाबातांनी ज्याचे वृत्तांत वर्तमानपत्रासाठी लिहिले, तो ‘होनिन्बो’ ही गोमधील मानाची पदवी धारण करणाऱ्या शूसाई यांचा निरोपाचा सामना १९३८ साली जून ते डिसेंबर चालला. काळ्या सोंगट्या घेतलेले किटानी मिनोरू ५ गुणांनी जिंकले. काळा आधी खेळतो, पण त्याची भरपाई पांढऱ्याला तेव्हा मिळत नसे. आज जपानमध्ये साडेसहा गुण मिळतात. याच खेळींवर आजच्या हिशेबाने वृद्ध शूसाई जिंकले असते.