मदत आणि भरपाई

घरातलं माणूस दुसऱ्याच्या चुकीने गेलं की आपल्याकडे दोन शब्दांची सरमिसळ होते, मदत आणि भरपाई. २५ जानेवारी २००५ला मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून अधिक माणसं गेली. ८ ऑगस्ट २०१९ला महापुरात ब्रह्मनाळची बोट उलटली. दोन्ही वेळी सरकारने वारसांना मदत जाहीर केली आणि लोक तिला भरपाईच म्हणाले. पण मदत ही देणाऱ्याच्या मर्जीची. भरपाई हक्काने मागायची असते, आणि हा हक्क फार जुना नाही.

इंग्रजांच्या कायद्यात पूर्वी एक विचित्र नियम होता. गाडीखाली पाय मोडला तर जखमी माणसाला नुकसान मागता येई. तोच माणूस मेला तर बायकापोरांना काही मागता येत नसे. म्हणजे गाडीवाल्याला जखमी करण्यापेक्षा मारणं स्वस्त! रेल्वे आली, अपघात वाढले, आणि १८४६ साली लॉर्ड कॅम्पबेल यांच्या पुढाकाराने विलायतेत हा नियम मोडला. त्याच धर्तीवर १८५५ साली आपल्याकडे प्राणांतिक अपघातांचा कायदा झाला. अवघी चार-पाच कलमं. नवरा, बायको, आईबाप, मुलं यांच्यासाठी दावा लावता येऊ लागला. भावाबहिणीचं नाव मात्र त्यात नव्हतं.

आता आपल्या भागातली गंमत पाहा. साताऱ्याचं राज्य १८४८ला खालसा झालेलं, त्यामुळे तिथे हा कायदा आला. सांगली, मिरज, जत ही मात्र संस्थानं, आटपाडी औंधकडे. तिथे ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा आपोआप लागत नसे. तासगाव नि वाळवा तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. म्हणजे आजच्या एकाच सांगली जिल्ह्यातल्या दोन शेजारच्या गावांतल्या विधवांसाठी तेव्हा सरकारं वेगळी, कायदेही वेगळे. १९४८ला संस्थानं विलीन झाली, १९४९ला दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६०ला त्याचं नाव सांगली पडलं.

दिवाणी दावा म्हणजे कोर्ट फी, वकील आणि वर्षानुवर्षांच्या तारखा. म्हणून १९५६च्या दुरुस्तीने मोटार अपघातांसाठी वेगळ्या न्यायाधिकरणांची सोय झाली.

पण सोय असणं वेगळं आणि दार ठोठावणं वेगळं. १९७८ साली आमच्या एका चुलत बहिणीचा नवरा ट्रकखाली गेला. वडीलधारे म्हणाले, "त्याच्या जिवाचे पैसे घेऊन कुणाला गोड लागणार आहेत?" अर्जाची मुदत तेव्हा सहा महिन्यांची. उशिराचं सबळ कारण दाखवलं तर सवलत मिळे, पण ते सांगणारं कोणी नव्हतं. तिने शिवणयंत्रावर तीन पोरं वाढवली. आणि पैसे द्यायचे होते बहुधा विमा कंपनीने! रक्ताचा पैसा वगैरे शब्द मला तेव्हापासून आवडत नाहीत. ज्यांना ते बोलायला सुचतात, त्यांच्या घरची चूल बहुधा पेटलेली असते.

भरपाईचं गणित आज बरंच स्पष्ट आहे. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनी ते बसवून दिलं. समजा ३५ वर्षांचा गवंडी महिना १०,००० मिळवत होता. पुढे वाढली असती म्हणून ४० टक्के धरा, झाले १४,०००. मागे बायको, दोन मुलं आणि आई, तर त्याचा स्वतःचा खर्च म्हणून पाव हिस्सा वजा, उरले १०,५००. वर्षाचे १,२६,०००. या वयाला गुणक १६, म्हणजे २०,१६,०००. अंत्यविधी, सहवास वगैरेंच्या ठरीव रकमा वेगळ्या. माणसाची किंमत होत नाही हे खरंच, पण हे गणित माणसाचं नसून बंद झालेल्या पगाराचं आहे.

भावांनाही मोटार कायद्याखाली मागता येतं हे १९८७ साली गुजरातच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. मुदतीची अट १९९४ला गेली होती, ती १ एप्रिल २०२२पासून सहा महिन्यांची होऊन परत आली आहे. तिला आव्हानही दिलं गेलंय, पण नातेवाइकांनो, कुणावर वेळ आलीच तर त्या भरवशावर बसू नका. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि पगाराचा काहीतरी कागद पहिल्या महिन्यातच गोळा करा.

चेंगराचेंगरीसाठी मोटार अपघातासारखं न्यायाधिकरण मात्र नाही. तिथे कुणाची हयगय दाखवून भरपाई मागायची, तर दिवाणी दाव्यासाठी आजही त्या १८५५च्याच कायद्याचा आधार, आणि मुदत मृत्यूपासून दोन वर्षांची.