वंशसंहाराचा पूर्वरंग : वऱ्हाडांतील टाकणकरांची नोंद

वंशसंहार या अपराधास स्वतंत्र नांव राफाएल लेम्किन या पोलिश ज्यू कायदेपंडितानें १९४४ सालीं दिलें. ९ डिसेंबर १९४८ रोजीं संयुक्त राष्ट्रांनीं त्याविरुद्ध करार संमत केला. नांव नवें असलें तरी वस्तु जुनी आहे. मात्र असा संहार एकाएकीं होत नाहीं. तरवारीच्या आधीं लेखणी चालते, असा आमचा अभिप्राय आहे. त्या लेखणीचे कांहीं फराटे वऱ्हाडाविषयींच्या कागदपत्रांतहि उमटले आहेत. ते येथें तपासावयाचे आहेत.

अमरावती-अकोल्याकडील खेड्यांत जात्यास टाकी लावणारा तो टाकणकर. जात्याची तळी गुळगुळीत झाली कीं दळण नीट निघेना. मग टाकी व हातोडी घेऊन तो दारीं येई. रानांत फांसे मांडून हरणें व तितर धरणारा तो फांसेपारधी. दोघेहि मूळ पारधी समाजांतलेच. हीं नांवें धंद्यांचीं होतीं. त्यांत दोषारोप नव्हता.

चोरी ही माणसाची कृति होय. ती कुळाचा स्वभाव ठरविणें ही पहिली पायरी. १८७१ च्या २७ व्या कायद्यानें ती चढली गेली. सरकारनें एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली, कीं त्या जाहीरनाम्याची शहानिशा करण्याचा अधिकार न्यायालयासहि राहत नसे. मग नांवनिशी, हजेरी व परवान्यावांचून हालचालीस बंदी. १८९७ च्या दुरुस्तीनें चार ते अठरा वर्षांच्या मुलांस आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतींत ठेवण्याचीहि मुभा मिळाली. कायदा आरंभीं उत्तर हिंदुस्थानापुरता होता. तथापि १८८२ सालीं मेजर गंथॉर्प यांचें गुन्हेगार जमातींवरील पुस्तक मुंबईस छापलें. त्याच्या शीर्षकांतच मुंबई इलाखा व मध्यप्रांत यांच्या जोडीस वऱ्हाडचें नांव आहे. कायद्याची कक्षा ब्रिटिश हिंदुस्थानभर गेली ती १९११ सालीं. म्हणजे शिक्का पुस्तकांत आधीं पडला, कायदा मागाहून आला.

याच सुमारास दूर जर्मनींत काय चाललें होतें तें पाहण्यासारखें आहे. तेथील जिप्सी हेहि फिरते लोक. म्यूनिकच्या पोलिसांनीं १८९९ सालीं त्यांची माहिती जमविणारी कचेरी उघडली. १९०५ सालीं आल्फ्रेड डिलमन यानें तीन हजारांवर माणसांचा तपशील देणारें पुस्तक छापलें. त्यांत संहाराची भाषा नव्हती, बंदोबस्ताची होती. पुढें नाझी राजवटींत १९३६ नंतर रॉबर्ट रिटर याच्या वंशसंशोधन कचेरीस असल्या पोलिसी नोंदी उपयोगी पडल्या. १६ डिसेंबर १९४२ च्या हिमलरच्या हुकुमानें ऑशवित्झकडे रवानगी ठरली. तेथें नेलेल्या सुमारें २३,००० जिप्सींपैकीं बहुतेक परतले नाहींत.

वऱ्हाडांत शेवट असा झाला नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. इंग्रज सरकारचा रोख समाज नष्ट करण्याचा नसून त्यास एका जागीं जखडून कामास लावण्याचा होता. आणि नष्ट करण्याचा हेतु हेंच १९४८ च्या करारांतील अपराधाचें मर्म आहे. म्हणून या प्रकरणास आम्ही वंशसंहार म्हणत नाहीं. परंतु करारानें मोजलेल्या पांच कृत्यांत, एका समाजाचीं मुलें बळानें दुसऱ्या समाजाकडे नेणें हें एक आहे. तें कलम वाचतांना १८९७ ची दुरुस्ती आठवल्यावांचून राहत नाहीं. जिना एकच होता : धंद्याचें नांव, नांवास कलंक, कलंकाची नोंद, नोंदीची बेडी. येथें पावलें मधल्या पायरीवर थांबलीं, तिकडे वरपर्यंत गेलीं. सर्वांत घातक गोष्ट शेजाऱ्याच्या मनांत घडते. ज्यानें काल जात्यास टाकी लावून घेतली, तोच आज कागदावरचा शब्द प्रमाण मानून दार लावून घेतो. मग पुढच्या हुकुमास विरोध करणारा कोणी उरत नाहीं.

३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा रद्द झाला. रसेल व हिरालाल यांनीं १९१६ च्या ग्रंथांत पारध्यांचे जे पोटभेद दिले, त्यांपैकीं फांसे, चित्ता, टाकणकर हीं नांवें महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादींतहि आढळतात. 'लंगोटी'च्या जागीं मात्र 'लंगोली' असा पाठ पडला आहे. जें नांव एका दप्तरांत कलंक, तेंच दुसऱ्यांत हक्क ! कागद बदलला, कीं माणसाचें दैव बदलतें.

म्हणून जुन्या कागदांच्या संग्राहकांस आमची विनंती आहे. असलीं पुस्तकें व हजेरीपटें जाळूं नयेत, जपावींत. पण सूची करतांना 'गुन्हेगार जात' हा मथळा आपला म्हणून उतरूं नये. तो कोणीं व कोणत्या सालीं लिहिला, हें समासांत नोंदवावें. पारधी पंचायतींचे निवाडे व त्या समाजांतील वृद्धांच्या तोंडच्या हकीकती टिपून त्याच रुमालांत बांधाव्या. एकाच पक्षाचे कागद पाहून निवाडा होत नसतो, हें संशोधकांस सांगणें न लगे.