शेर, जुडी आणि पावशेर: शहरी भाजीदरांच्या नोंदींतील परिमाणांचा प्रश्न

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईतील महागाईने कामगारवर्गात मोठा असंतोष माजला. मजुरीचे तंटे सोडवावयाचे तर राहणीखर्चाचे काही विश्वसनीय माप हवे, ही जाणीव त्यातूनच दृढ झाली. १९२१ साली मुंबई सरकारची कामगार कचेरी स्थापन झाली आणि जुलै १९१४ = १०० असा पाया धरून तिने निर्देशांक प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यातील खाद्यपदार्थांच्या यादीत तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, डाळी, साखर, चहा, मीठ, मांस, दूध, तूप व खोबरेल होते. भाजी म्हणून मात्र बटाटे आणि कांदे एवढीच दोन नावे आढळतात.

गिरणीकामगाराच्या घरी मेथी किंवा वांगे शिजत नव्हते, असा याचा अर्थ नव्हे. बटाटा व कांदा टिकतात, वर्षभर मिळतात आणि तोलून विकले जातात; गणकाला असाच जिन्नस सोयीचा. पालेभाजी जुडीने विकली जाते, आणि जुडीला प्रमाण नाही. टंचाईच्या दिवसांत माळीण दर न वाढवता जुडी बारीक बांधते. म्हणजे नोंदवहीत भाव स्थिर, आणि घरातले पातेले अर्धे. मंडई उठण्याच्या वेळी उरलेल्या मालाचे जे वाटे लावले जातात, त्यांचा दर तर कोणत्याच वहीत सापडणे कठीण. आणि हातावर पोट असलेल्या कुटुंबाची खरेदी पुष्कळदा त्याच वेळी होत असे.

तोलून विकलेल्या मालाची नोंद तरी निर्वेध असावी, अशी अपेक्षा होईल. तीही खरी ठरत नाही. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा आणि ४० शेरांचा होता. म्हणजे त्याचा शेर सुमारे ३१८ ग्रॅम भरतो. रेल्वेच्या मणाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. शब्द एकच, वजन जवळजवळ तिप्पट. एखाद्या खासगी जमाखर्चात ‘कांदे १ शेर’ असे वाचून दोन शहरांची तुलना करणाऱ्याने प्रथम तो शेर कोठला, हे ठरविले पाहिजे. ‘आमच्या वेळी भाजी आण्याला शेर होती’ या सर्वपरिचित आठवणीचे मोलही तेवढेच मर्यादित आहे.

१ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. परंतु सरकारी कोष्टकात एका आण्याला ६, दोन आण्यांना १२ व तीन आण्यांना १९ नवे पैसे असे पूर्णांक दिले होते. भाजीबाजारात व्यवहार एकदोन आण्यांचाच. आण्याची जुडी सहा नव्या पैशांना दिली तर कागदावर ती चार टक्क्यांनी उतरली, आणि तीन आण्यांचा माल एकोणिसाला दिला तर तो सव्वा टक्क्याहून थोडा अधिक चढला. बाजारात वस्तुतः काहीच घडले नव्हते. पुढे ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली व १९६२ पर्यंत शेर कायद्याने संपला.

बोलीतून तो गेला नाही. गिऱ्हाईक ‘पावशेर’ मागत राहिले. तागडीत मात्र २३३ ऐवजी २५० ग्रॅम पडू लागले. एकाच नावाखाली माल सात टक्क्यांनी वाढला, आणि ही वाढ न वजा करता १९५५ व १९६५ च्या पावशेराचे दर जोडणारी मालिका तेवढ्यापुरती खोटी ठरते. (‘नवटाक’चे भाग्य वेगळे: मंडई सोडून ते गुत्त्यात स्थिरावले.) अशा शब्दांची कालनिश्चिती हे भाषाभ्यासकाचे काम आहे, पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते त्याच्यावर सोपवून स्वस्थ बसणे परवडणारे नाही.

केंद्र सरकारचा दरनियंत्रण-देखरेख कक्ष १९९८ मध्ये सुरू झाला. पुढे तो ज्या २२ वस्तूंचे रोजचे किरकोळ दर टिपत असे, त्यांत भाज्या तीनच: कांदा, बटाटा आणि टोमॅटो. ऑगस्ट २०२४ मध्ये वस्तू ३८ झाल्या, तेव्हा वांगे आत आले. मेथीची जुडी त्याही यादीत नव्हती.