घराचा लोड वाढवला, पण अर्थिंगचं काय?

नवा एसी किंवा अंगणात इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर आला की अनेकांना घराचा मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. महावितरणकडे अर्ज जातो, मीटर बदलतं, गरज असेल तर सिंगल फेजचं थ्री फेज होतं. जाड केबल येते, मोठा एमसीबी बसतो. अर्थिंगचा खड्डा मात्र जुनाच राहतो. तो नेमका कुठे आहे, हेही बऱ्याच घरांत कुणाला ठाऊक नसतं.

एमसीबी आहे, मग भीती कसली?

समजा, वॉशिंग मशिनच्या आत फेजची वायर पत्र्याला टेकली. करंट अर्थिंगच्या वायरीने जमिनीत जातो. या वाटेचा एकूण रोध २५ ओहम असेल, तर २३० भागिले २५, म्हणजे साधारण ९ अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीला हा नेहमीचाच भार वाटतो, तो पडत नाही. मशिनच्या पत्र्यात वीज उतरलेलीच राहते. भार वाढला म्हणून एमसीबी ३२चा केला, तर तो पडण्याची शक्यता आणखी कमी.

इथे कामाला येतो आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे तो पाहतो. माणसांच्या सुरक्षेसाठी वापरला जाणारा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडतो. पण अर्थिंगच नसेल, तर गळतीला वाट मिळते ती कुणीतरी हात लावल्यावर. म्हणून दोन्ही हवेत.

जुन्या वायरिंगमध्ये एका सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्याला जोडलेला असतो. अशा घरात नवा आरसीसीबी सारखा पडतो. मग वैतागून तो काढून टाकला जातो. खरं तर तो वायरिंगमधला दोष दाखवत असतो.

बल्ब पेटला म्हणजे अर्थिंग चांगलं?

फेज आणि अर्थ यांच्यात बल्ब लावून पाहायची पद्धत जुनी आहे. १०० वॉटचा बल्ब अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी करंट घेतो. ५० ओहमच्या रद्दड अर्थिंगवरही तो झकास पेटतो. खरं मोजमाप अर्थ टेस्टरनेच होतं, तेही शक्यतो एप्रिल-मेमध्ये. जमीन सुकली की रोध वाढतो. खडकाळ किंवा मुरमाड जागी तर तो मुळातच जास्त असतो.

आयएस ३०४३ या भारतीय मानकात पाइप अर्थिंगसाठी किमान २.५ मीटर लांबीचा पाइप सांगितला आहे. फेजची वायर १६ चौरस मिलिमीटरपर्यंत असेल, तर अर्थची वायरही तितक्याच जाडीची धरतात. म्हणजे केबल जाड केली, की हिरवी वायरही बदलायला हवी.

दुसरं काम बाँडिंगचं. बाथरूममधले लोखंडी नळ आणि गिझरची बॉडी अर्थला जोडलेली असली, की दोघांत व्होल्टेजचा फरक उरत नाही. ओल्या अंगाने एकाच वेळी दोन्हींना हात लागला तरी झटका टळतो. प्लास्टिकच्या पाइपांना याची गरज नाही. मात्र नळाची पाइपलाइन हेच अर्थिंग म्हणून वापरणं धोक्याचं. मधला एखादा तुकडा प्लास्टिकचा बसला, की सगळं संपलं.

आणि सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थ एकत्र बांधणं? बाहेर न्यूट्रल तुटला, तर घरातल्या प्रत्येक धातूच्या उपकरणाच्या बॉडीत वीज येऊ शकते. कुणी हा ‘जुगाड’ सुचवला, तर काम तिथेच थांबवून परवानाधारक वायरमन बोलवावा.