आमिषावाचून आकर्षण

ज्युबिली म्हटली की हिशेब आलाच. किती बाप्तिस्मे झाले, किती विवाह लागले, हे धर्मग्रामाच्या नोंदवहीत पाहून आपण देवाचे आभार मानतो, आणि ते योग्यच होय. परंतु त्या वहीकडे पाहणाऱ्या शेजाऱ्याच्या मनात एक प्रश्न असतो: ही माणसे ओढून आणली, की आपणहून आली? यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न जुना आहे.

सन १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाड होरपळून निघाला. त्या काळी अनेक मिशनांनी निराधार मुलांस आश्रय दिला. भुकेल्यास भाकर देणे हे तर प्रभूचेच शासन. पण भाकरीमागे धर्माची अट आहे काय, अशी शंका लोकांस येणे स्वाभाविक होते. पुढे १९५४ साली, यवतमाळ मध्य प्रदेशात असताना, त्या सरकारने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनांच्या कार्याची चौकशी समिती नेमली. शाळा, रुग्णालये व अनाथालये ही धर्मांतराची साधने झाली आहेत, असा ठपका समितीच्या १९५६ च्या अहवालाने ठेवला. आपला जिल्हा ज्यात मोडतो तो अमरावती धर्मप्रांत १९५५ साली, म्हणजे नेमका याच वादळात, जन्मास आला. तो आरोप आपल्या पूर्वजांस बोचला. तथापि केवळ रागावून शंका फिटत नाही.

तर मग आमिषावाचून कोणी येतो काय? रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण पाहा. ते आपल्या कॅथलिक मंडळीतले नव्हेत. परंतु त्यांचे चरित्र साऱ्या मराठी ख्रिस्ती समाजाचे धन आहे. नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका अपरिचित युरोपीय प्रवाशाने त्यांच्याशी संभाषण केले व नवा करार हाती दिला. ना नोकरी, ना पैसा, ना वचन. टिळकांनी ग्रंथ वाचला, मनाशी झगडा केला, आणि १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांत लाभ तो कोणता? आप्त तुटले, घर मोडले. पत्नी लक्ष्मीबाई यांनी तर त्या वेळी त्यांचा धर्म स्वीकारला नाही. पाच वर्षांनी, १९०० साली, आपल्याच विचाराने त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

वर्धा नदीच्या पलीकडे, सेवाग्रामी राहिलेले महात्मा गांधी मिशनऱ्यांस गुलाबाचा दाखला देत: गुलाब प्रवचन करीत नाही, सुगंधच लोकांस ओढून आणतो. दाखला सुंदर आहे, पण आमच्या मते तो अपुरा आहे. आगगाडीतला तो प्रवासी मुका राहिला असता, तर टिळकांच्या हाती ग्रंथ कसा पडता? संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात सांगतो की, आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्यास सौम्यतेने उत्तर देण्यास सिद्ध असावे. म्हणजे बोलावे, मात्र बोलण्यास गळ लावू नये.

ख्रिस्तसभेची शिकवणही हीच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी मिशनकार्याविषयीच्या फर्मानात सक्तीने वा अनुचित उपायांनी कोणास श्रद्धेकडे ओढण्याचा स्पष्ट निषेध केला. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली, रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात, आपला धर्म समजावून सांगण्याचा हक्क मान्य केला; दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा मूलभूत हक्क मात्र मान्य केला नाही. त्या निकालाने आपल्यापैकी अनेकांस दुःख झाले. पण २००७ साली ब्राझीलमधील आपारेसिदा येथे पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीही सांगितले की, ख्रिस्तसभा धर्मांतराची खटपट करीत नाही. ती आकर्षणाने वाढते.

म्हणून या ज्युबिलीस आपण दुसराही हिशेब मांडू या. आपल्या शाळेतून हिंदू, बौद्ध वा मुसलमान राहूनच बाहेर पडलेल्या मुलास आपण आपल्या मुलाइतकेच प्रेमाने शिकविले काय? रोगी बरा होऊन आपल्या देवाचे नाव घेत घरी गेला, तर आपल्यास तितकाच आनंद झाला काय? या प्रश्नांस ‘होय’ म्हणता आले, तर कोणी येवो वा न येवो, आपली सेवा फुकट गेली नाही. आणि कोणी आलाच, तर त्यास कोणी बोलाविले हे शेजाऱ्यास आपणांस सांगावे लागणार नाही. तो स्वतःच सांगेल.