वीज ओढून घेणारी सळई

परवा एका गावच्या ग्रामसभेत बसलो होतो. शाळेवर वीज अटकाव यंत्र बसवायचा विषय निघाला. एक आजोबा उठले, "बसवा की! पण ओढलेली वीज आमच्या घरावर पडली तर भरून कोण देणार?" निम्मी सभा त्यांच्या बाजूनं. मी हसलो नाही. कारण हाच प्रश्न १७८० साली फ्रान्समध्ये थेट कोर्टात गेला होता. थोडं लांबलंय, पण वाचा.

उत्तर फ्रान्समधलं सेंट ओमेर हे गाव. तिथल्या व्हिसरी नावाच्या हौशी शास्त्रज्ञानं घरावर सळई उभारली, टोकाला तलवारीचं पातं. शेजारी घाबरले, तक्रार झाली, नगराच्या पंचांनी सळई काढायचा हुकूम दिला. पठ्ठ्यानं काय करावं? पातं काढलं, आखूड टोक बसवलं, बाकी यंत्र तसंच! (अशी माणसं आपल्याकडंही भेटतात.)

गंमत म्हणजे २८ वर्षांपूर्वी, मे १७५२ मध्ये, फ्रँकलिनची कल्पना फ्रान्समध्येच सिद्ध झाली होती. पॅरिसजवळ मार्ली इथं उंच लोखंडी सळईतून ढगातल्या विजेच्या ठिणग्या काढून दाखवल्या होत्या. तरी वादळात चर्चच्या घंटा वाजवून वीज पळवायची प्रथा चालूच. उंच मनोरा, ओला दोर आणि हातात दोर धरलेला माणूस. किती घंटावाले गेले असतील!

आता आजोबांच्या शंकेकडं येऊ. ढगात बर्फाचे बारीक कण आणि जड गारगोळे एकमेकांवर आपटतात. साधारणपणे हलके कण धन प्रभार घेऊन वर जातात, जड गोळे ऋण प्रभार घेऊन खाली राहतात. ताण असह्य झाला की हवा फुटते, हजारो अँपिअरचा प्रवाह जमिनीकडं येतो. सळई काही लांबच्या ढगातली वीज बोलावून आणत नाही. तिथं पडणारच असलेल्या विजेला ती भिंतीऐवजी धातूची वाट देते. पण वाट जमिनीत पोचली पाहिजे. १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला रिखमान या शास्त्रज्ञाच्या घरातली सळई जमिनीला जोडलेलीच नव्हती, मोजमापाच्या उपकरणाशी जोडली होती. वादळात तो जवळ गेला, वीज कपाळावर बसली आणि जागीच गेला.

व्हिसरीचं अपील १७८३ मध्ये आरासच्या कोर्टात आलं. वकील होता पंचविशीतला रोबेस्पिएर, हो, तोच, पुढं क्रांतीत गिलोटिनवाला. त्यानं खटला जिंकला, सळई परत उभारायची परवानगी मिळाली. आपला छापील युक्तिवाद त्यानं फ्रँकलिनला पाठवूनही दिला.

आमच्या ग्रामसभेनं विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. तिथून येताना तालुक्यातल्या दुसऱ्या एका शाळेपाशी थांबलो. छतावर सळई दिमाखात उभी आहे, पण खाली येणारी तांब्याची पट्टी कुणीतरी कमरेएवढ्या उंचीवर कापून नेलीय. म्हणजे सळई रिखमानची, आणि खाली पोरांचा वर्ग. अर्ज दिलाय. पोच मिळाली आहे.