बाटलीमसाल्याचा इतिहास

उत्तर कोंकणांतील जुन्या ख्रिस्ती गांवांचा इतिहास लिहावयास बसलें कीं लेखणी सहजच तह, लढाया व देवळें यांजकडे वळते. परंतु त्या इतिहासाचा एक साक्षीदार ईस्ट इंडियन घरांतील फळीवर मुकाट्यानें उभा असतो. त्याची साक्ष मात्र फारसें कोणी घेत नाहीं. तो साक्षीदार म्हणजे बाटलीमसाला.

त्यांतील जिनसा निरखून पाहिल्या असतां दोन काळ वेगळे दिसतात. मिरीं, लवंगा, वेलदोडे, दालचिनी, हळद, धणे व जिरें ही सामग्री या देशांत पूर्वापार चालत आलेली आहे. मिरची मात्र अमेरिका खंडांतील. १४९८ सालीं वास्को द गामा कालिकतास आला. १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांकडे गेली. आणि मिरची त्यांच्याच गलबतांतून या देशीं उतरली. आमच्या पूर्वजांनीं तिला जुन्या मिऱ्यांचेंच नांव थोडें फिरवून दिलें व पाहुणीस घरची करून घेतलें. १७३९ सालीं मराठ्यांनीं वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, मिरची राहिली. पुढें १८८७ सालीं या समाजानें 'ईस्ट इंडियन' हें नांव धारण केलें, तेव्हां हा मसाला त्याची एक ओळखच होऊन बसला.

याची कृति उन्हाळ्याची. एप्रिल-मे महिन्यांत मिरच्या कडक उन्हांत वाळवितात. वीस-पंचवीस, कोठें त्याहूनही अधिक जिनसा मंद आंचेवर निरनिराळ्या भाजतात. कारण खसखस व हळकुंड यांस एकच आंच व एकच वेळ मानवत नाहीं. मग लांकडी उखळांत मुसळांनीं कांडून, चाळून, काळसर कांचेच्या रिकाम्या बीअरच्या बाटल्यांत मसाला ठासून भरतात.

या प्रत्येक रीतीस कारण आहे. भाजण्यानें ओल जाते व पावसाळ्यांत बुरशी धरत नाहीं. कांडतांना गिरणीइतकी उष्णता उत्पन्न होत नाहीं, म्हणून उडून जाणारें सुगंधी तेल पुष्कळसें टिकतें. काळ्या कांचेनें उजेड अडतो व मिरचीचा रंग राहतो. ठासून भरल्यानें हवा थोडी उरते. आमच्या आज्यांनीं रसायनशास्त्र वाचलें नव्हतें. त्यांनीं वर्षानुवर्षें बाटली उघडून तें पारखलें होतें.

बाजारांतील पुडीचा अवलंब करणाऱ्या भगिनींस आम्ही दोष देत नाहीं. अंगण गेलें, घर चौथ्या मजल्यावर चढलें, सकाळीं आगगाडी गांठावयाची. तेथें उखळ ठेवावें कोठें? तथापि पुडींतील पूड केव्हांची व कशाची हें घेणारास डोळ्यांनीं दिसत नाहीं. भेसळीविरुद्ध १९५४ सालीं कायदा करावा लागला, व २००६ सालीं त्याच्या जागीं अन्नसुरक्षेचा नवा कायदा झाला, यावरून ही शंका पोकळ नव्हे. शिवाय पुडी साऱ्या घरांस एकच चव देते. पूर्वीं शेजारच्या दोन घरांचें कालवणही सारखें लागत नसे.

खरी हानि हीच आहे. मसाल्याचें प्रमाण आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे हातानेंच गेलें. कागदावर क्वचितच उतरलें. आम्ही आजवर अनेक वृद्ध मातांस मूठमाती दिली. दफनाच्या वहींत त्यांचें नांव, वय व तारीख आम्हीं नोंदविली. परंतु त्यांच्या मुठींत मावणारे धणे किती, हें कोणत्याही वहींत नाहीं. बाप्तिस्म्याच्या नोंदी जपल्या म्हणून आमचीं कुळें आम्हांस ठाऊक आहेत. मसाल्याची नोंद न ठेवल्यास मात्र त्या कुळांची चव दोन पिढ्यांत पुसून जाईल.

म्हणून या महोत्सवाच्या वर्षीं आमची एवढीच विनंती आहे. येत्या उन्हाळ्यांत घरांतील वडील स्त्रीपाशीं तराजू व वही घेऊन बसा. तिची मूठ, ओंजळ व चिमूट तोलून घ्या. कोणती जिनस आधीं व कोणती मागाहून भाजावी तें लिहा. कांडण्यास उखळ नसेल तर कांडपयंत्र चालेल. प्रमाण मात्र घरचें असूं द्या. आणि पहिली बाटली भराल त्या दिवशीं तिच्यावर साल लिहावयास विसरूं नका.